कायद्याला वीज दिसते, वाफ दिसत नाही

(नाशिक येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'अक्षय ऊर्जा आणि कायदा'. हे ऐकून आज छतावरच्या सोलरबद्दल भाषण होणार असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं असेल. सोलरबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे जळणाबद्दल. उसाचं चिपाड, भाताचा तूस, पऱ्हाटी, तुराटी, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा. सरकारी मराठीत याला 'जैवभार' म्हणतात, बाजारात 'बायोमास' म्हणतात, आणि आपल्या आज्या याला नुसतं 'सरपण' म्हणायच्या.

मी व्यवसायाने ऊर्जा लेखापरीक्षक आहे. कारखान्यात किती इंधन जळतं, त्यातलं किती कामाला येतं आणि किती चिमणीवाटे निघून जातं, हे मोजणं माझं काम. त्यामुळे बॉयलरच्या तोंडाशी उभं राहणं नेहमीचं, आणि नियमांची पुस्तकं उघडणंही नेहमीचं. पुस्तकात जे लिहिलंय आणि बॉयलरपाशी जे घडतं त्यात किती अंतर आहे, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण त्या अंतरात आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसं राहतात.

तीन जाळ

आपल्या नाशिक जिल्ह्यातले तीन जाळ डोळ्यांसमोर आणा.

पहिला साखर कारखान्यातला. उसाचा रस काढला की चिपाड उरतं. ते बॉयलरमध्ये जळतं, वाफ होते, ती वाफ टर्बाइन फिरवते आणि वीज तयार होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफही वाया जात नाही, तिच्यावर रस उकळतो. एकाच जळणातून वीजही आणि उष्णताही. याला सहवीजनिर्मिती म्हणतात. राज्यातले अनेक साखर कारखाने अशी वीज तयार करून गरजेपेक्षा जास्तीची महावितरणला विकतात.

दुसरा जाळ मालेगावच्या सायझिंगमधला. इथे मालेगावची मुलं-मुली बसली आहेत, त्यांना हे सांगायला नको. नाशिक रोडच्या आणि जुन्या नाशिकच्या मुलांसाठी सांगते. मागावर ताना चढवण्याआधी सुताला कांजी लावावी लागते, नाहीतर धागा मागाचा मार सोसत नाही, तुटतो. कांजी लावलेलं सूत वाफेने तापलेल्या मोठ्या सिलिंडरवरून फिरवून वाळवतात आणि बीमवर गुंडाळतात. ही वाफ बॉयलरमधून येते. त्या बॉयलरमध्ये लाकूड, भुसा, ब्रिकेट, कोळसा, जे परवडेल ते जातं. मालेगावात यंत्रमाग लाखांत मोजले जातात. त्या मागांचं पोट सायझिंगच्या वाफेवर आहे.

तिसरा जाळ निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेतल्या बांधावरचा. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. दोन्ही वेळा काड्यांचे ढीग पडतात. कोणी त्यांची कुट्टी करून बागेतच टाकतो, कोणी बांधावर पेटवून देतो. तिथे वीजही नाही आणि वाफही नाही, फक्त धूर.

तिन्ही ठिकाणी जळतं ते झाडाचंच. पण देशाचा कायदा या तिघांकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहतो. पहिल्याला तो मान देतो, तिसऱ्याला कच्चा माल समजतो, आणि दुसऱ्याकडे त्याचं नीट लक्षच नाही. असं का, हे समजून घेऊ.

नाव कोण ठेवतं?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या देशात 'अक्षय ऊर्जा कायदा' नावाचा वेगळा कायदा नाही. २०१५ साली केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने तसा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून सगळा भार येतो २००३ च्या विद्युत कायद्यावर.

या कायद्याचं कलम ८६ (१) (ई) पाठ करून ठेवण्यासारखं आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाने काय करायचं, ते त्यात सांगितलं आहे. सहवीजनिर्मिती आणि नवीकरणीय स्रोतांपासून होणारी वीजनिर्मिती यांना चालना द्यायची, अशा विजेला ग्रिडशी जोडणी मिळेल आणि ती कोणालाही विकता येईल अशी व्यवस्था करायची, आणि वितरण कंपनीच्या क्षेत्रात एकूण जेवढी वीज वापरली जाते त्यातली ठरावीक टक्केवारी अशा स्रोतांकडून घेणं बंधनकारक करायचं. याच बंधनाला आपण इंग्रजी आद्याक्षरांनी 'आरपीओ' म्हणतो. सौर, पवन, चिपाड यांच्यावरच्या विजेला देशात हक्काचं गिऱ्हाईक मिळालं ते या एका पोटकलमामुळे.

पण गंमत अशी, की 'नवीकरणीय स्रोत' म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात नाही. ती नियमांवर सोडली आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २००९ मध्ये दरांचे विनियम केले, त्यात यादी आली: छोटे जलविद्युत प्रकल्प, पवन, सौर, बायोमास, जैवइंधनावरची सहवीजनिर्मिती, शहरी कचरा, आणि मंत्रालय मान्य करेल असे इतर स्रोत. त्याच विनियमांत बायोमासची व्याख्या आहे. साध्या मराठीत ती अशी: शेती आणि वनकामातून उरणारा कचरा, म्हणजे काड, देठ, धसकटं, शेतमालावर प्रक्रिया करताना उरणारे तूस, टरफलं, पेंड, खास जळणासाठी लावलेल्या झाडांचं किंवा रानटी झुडपांचं लाकूड, आणि काही उद्योगांत उरणारा लाकडाचा भुसा-तुकडे.

या व्याख्येत एक शहाणपण आहे, ते ओळखा. ती 'लाकूड' एवढंच म्हणत नाही, ते कुठून आलं हे विचारते. लागवडीचं का, झुडपांचं का, का कारखान्यातलं उरलेलं? जंगलातलं उभं झाड तोडून आणलेल्या ओंडक्याला या यादीत जागा नाही. यामागचा हिशेब सोपा आहे. झाड वाढताना हवेतला कार्बन घेतं, जळताना तोच परत सोडतं. जेवढं जाळलं तेवढं पुन्हा उगवलं तर खातं जुळतं. पुन्हा लावलंच नाही तर खातं जुळत नाही, मग त्याला नवीकरणीय म्हणायचं कशाला?

एका 'आणि'चा खटला

व्याख्या ही पुस्तकी गोष्ट आहे असं समजू नका. तिच्यावर मोठे खटले झालेत, आणि त्यातले दोन आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

मघाशी कलम सांगितलं त्यात शब्द आहेत 'सहवीजनिर्मिती आणि नवीकरणीय स्रोतांपासून वीजनिर्मिती'. आता प्रश्न असा: 'नवीकरणीय स्रोतांपासून' हे शब्द दोघांना लागू की फक्त दुसऱ्याला? म्हणजे कोळसा जाळून सहवीजनिर्मिती केली, तर तिलाही कायद्याची चालना आहे का? कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. त्यांनी हा मुद्दा विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे नेला. २६ एप्रिल २०१० रोजी न्यायाधिकरणाने सांगितलं, की कायद्यातली सहवीजनिर्मितीची व्याख्या इंधन कोणतं हे विचारतच नाही. एकाच प्रक्रियेतून दोन किंवा अधिक प्रकारची उपयोगी ऊर्जा निघाली आणि त्यात वीज असली की झालं. तेव्हा कोळशावर सहवीजनिर्मिती करणाऱ्यावर बाहेरून अक्षय वीज विकत घेण्याचं बंधन घालता येणार नाही.

मग उलटा प्रश्न आला. तर मग वितरण कंपन्यांनी आपलं 'आरपीओ' पूर्ण करायला कोळशाची सहवीज विकत घेतली तर चालेल का? लॉइड्स मेटल्सच्या प्रकरणात २ डिसेंबर २०१३ रोजी त्याच न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने सांगितलं, चालणार नाही. ते बंधन नवीकरणीय स्रोतांसाठीच आहे.

पाहा, एका 'आणि'चा अर्थ लावायला साडेतीन वर्षं गेली, आणि त्यावर कोट्यवधींचे व्यवहार ठरले. ज्यांच्याकडे वकील होते त्यांनी त्या 'आणि'ची किंमत ओळखली. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान झिंकच्या खटल्यात राजस्थान आयोगाचे नियम उचलून धरले. स्वतःसाठी वीज तयार करणाऱ्या कारखान्यांवरही अक्षय विजेचं बंधन घालता येतं, असं सांगताना न्यायालयाने संविधानाच्या कलम २१ चा आणि कलम ५१-अ (ग) मधल्या पर्यावरण-रक्षणाच्या मूलभूत कर्तव्याचा आधार घेतला. म्हणजे हा विषय फक्त दरांचा नाही. संविधानापर्यंत पोहोचलेला विषय आहे.

वाफ कुठे बसते?

आता मालेगावच्या जाळाकडे येऊ. सायझिंगवाल्याने समजा ठरवलं, की उद्यापासून कोळसा बंद, फक्त पऱ्हाटीच्या ब्रिकेट जाळायच्या. इंधन शंभर टक्के व्याख्येत बसणारं. त्याला कलम ८६ मधून काय मिळेल? काही नाही. कारण तो वीज करत नाही, वाफ करतो. ते कलम विजेच्या टक्केवारीबद्दल बोलतं. त्याची वाफ कितीही हिरवी असली तरी ती कोणाच्या 'आरपीओ'त मोजली जात नाही, तिला हक्काचं गिऱ्हाईक नाही, तिचा दर कोणताही आयोग ठरवत नाही. वाफेला या कायद्यात जागा आहे ती विजेच्या हाताला धरून, सहवीजनिर्मितीच्या व्याख्येत. एकटी आली तर दार बंद.

तुम्ही म्हणाल, तो वीज कायदाच आहे, त्यात वाफ कशी येणार? बरोबर आहे. पण पुढे पाहा. बँकांनी अग्रक्रमाने कर्ज द्यायच्या क्षेत्रांची यादी रिझर्व्ह बँक ठरवते. तिच्या २०२० च्या निर्देशांत अक्षय ऊर्जेच्या सदराखाली शब्द होते 'बायोमासवर आधारित वीजनिर्मिती'. पुन्हा वीज. केंद्राने २ नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. २०२१-२२ ते २०२५-२६ हा काळ, पहिल्या टप्प्याला ८५८ कोटी रुपये. त्यात उद्योगांनी चिपाड सोडून इतर बायोमासवर सहवीजनिर्मिती केली तर दर मेगावॅटला ४० लाखांची मदत ठेवली. मेगावॅट, म्हणजे मोजमाप पुन्हा विजेचंच. सायझिंगचा बॉयलर ताशी किती किलो वाफ देतो यावर मोजला जातो. मेगावॅटच्या रकान्यात लिहायला त्याच्याकडे काहीच नसतं.

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. या दुरुस्तीने पहिल्यांदा थोडं दार उघडलं. केंद्र सरकार आता काही उद्योगांना सांगू शकतं, की तुमच्या वापरात जीवाश्म नसलेल्या स्रोतांचा किमान एवढा वाटा हवा, मग तो ऊर्जा म्हणून असो की कच्चा माल म्हणून. दुरुस्तीच्या उद्देशात बायोमासचं नाव स्पष्ट घेतलं आहे. इथे वाफेला जागा होऊ शकते. पण हे 'नामनिर्देशित ग्राहकां'साठी आहे. कापड उद्योगात असा ग्राहक ठरायला वर्षाला ३,००० टन तेलाइतकी ऊर्जा वापरावी लागते. लाकडाच्या भाषेत सांगायचं, तर किलोला ३,५०० किलोकॅलरी धरून साधारण साडेआठ हजार टन लाकूड. मोठी गिरणी त्या रेषेवर जाईल. गल्लीतली सायझिंग जाणार नाही.

तीच गोष्ट विजेची. जून २०२२ मध्ये 'हरित ऊर्जा खुला प्रवेश' नियम आले. हव्या त्या अक्षय प्रकल्पाकडून वीज विकत घेण्याची मुभा आधी १ मेगावॅटच्या वर होती, ती १०० किलोवॅटवर आणली. चांगलं झालं. पण महाराष्ट्रात यंत्रमागाच्या वीज सवलतीत छोट्या कारखान्याची रेषा २७ अश्वशक्तीची आहे. २७ अश्वशक्ती म्हणजे साधारण २० किलोवॅट. ज्याच्या शेडचा भार २० किलोवॅट आहे, त्याच्या डोक्यावरून हा नियम जातो.

मी कोणी मुद्दाम हे केलं असं म्हणत नाही. विजेला मीटर आहे, तारा आहेत, आयोग आहे, त्यामुळे तिच्यासाठी नियम करणं सोपं. वाफ कारखान्याच्या भिंतीबाहेर जात नाही, म्हणून ती दिसत नाही. संविधानाच्या समवर्ती सूचीत ३७ वी नोंद आहे 'बॉयलर' आणि ३८ वी आहे 'वीज'. अगदी शेजारी. पण ३८ भोवती अक्षय ऊर्जेचं सगळं धोरण उभं राहिलं, आणि ३७ च्या वाट्याला आला फक्त सुरक्षेचा कायदा, आधी १९२३ चा आणि आता २०२५ चा. बॉयलर फुटू नये याची काळजी कायद्याने घेतली, आणि ती घ्यायलाच हवी. त्यात काय जळावं आणि चांगलं जाळणाऱ्याला मदत कशी करावी, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर आला नाही.

काडीचा भाव

आता बांधावरच्या काड्यांकडे वळू. त्यांना एकाएकी भाव आला आहे, कारण कोळशाच्या वीजकेंद्रांना बायोमासच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, कोळशात मिसळून जाळायला सांगितलंय. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणात जून २०२३ मध्ये बदल झाला, त्याप्रमाणे २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असं ठरलं होतं.

आपल्या दाराशी एकलहऱ्याचं केंद्र आहे, २१० मेगावॅटचे ३ संच. एका संचाचा नुसता हिशेब करू. दिवसभर पूर्ण भाराने चालला तर ५० लाख युनिट. युनिटला ७०० ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे दिवसाला ३,५०० टन. त्याचे ५ टक्के झाले १७५ टन. एका संचाला, एका दिवसाला, एवढ्या गोळ्या.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलं आहे. काडी पेटवण्याऐवजी विकता येईल. गोळ्या करणाऱ्या कारखान्याला जैवऊर्जा कार्यक्रमातून मदतही आहे. २०२२ मध्ये ताशी १ टन क्षमतेमागे ९ लाख होती, २०२४ मध्ये पेलेटसाठी ती २१ लाखांपर्यंत वाढवली. पण साखळी नीट पाहा. गोळी करणाऱ्याला मदत आहे. गोळी विकत घेणाऱ्या वीजकेंद्राचा वाढीव खर्च विजेच्या दरात धरला जातो. आणि तीच पऱ्हाटी, तोच भुसा विकत घेणारा सायझिंगवाला? तो त्याच बाजारात, त्याच भावाने, कोणत्याही आधाराशिवाय उभा आहे. मागणी वाढली की भाव वाढणार. भाव वाढला की भट्टीत काय जायला लागतं, हे मालेगावच्या लोकांनी मला सांगावं, मी त्यांना सांगायची गरज नाही.

एकच प्लास्टिक, दोन नावं

तरीही सांगते, कारण लपवून उपयोग नाही. काही भट्ट्यांमध्ये प्लास्टिक जातं, रबर जातं, चिंध्या जातात. प्लास्टिक कोणत्याही व्याख्येने बायोमास नाही. ते खनिज तेलातून येतं. क्लोरीन असलेलं प्लास्टिक कमी तापमानाला जळलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. जैवइंधनांच्या २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात सुद्धा शहरी कचऱ्याचा फक्त 'जैवविघटनशील भाग' नवीकरणीय धरला आहे.

पण इथे तुम्हाला एक विसंगती दिसली पाहिजे. वीज आयोगाच्या यादीत 'शहरी कचरा' सरसकट नवीकरणीय आहे. २०१६ च्या वीजदर धोरणाने तर कचऱ्यापासून होणारी सगळी, म्हणजे १०० टक्के वीज विकत घेणं वितरण कंपन्यांना सक्तीचं केलं. त्या कचऱ्यातही प्लास्टिक असतं. म्हणजे मोठ्या प्रकल्पात जळलं तर ते अक्षय ऊर्जा, आणि सायझिंगच्या भट्टीत जळलं तर गुन्हा. या फरकाला एक खरं कारण आहे, तेही मान्य करू. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जाळण्याच्या प्रकल्पांना दुसऱ्या कक्षात ९५० अंश तापमान, तिथे धूर किमान २ सेकंद थांबणं, डायॉक्सिनची मर्यादा अशा अटी घातल्या होत्या. गल्लीतल्या बॉयलरला यातलं काही जमत नाही. तेव्हा भट्टीतलं प्लास्टिक थांबलंच पाहिजे, त्यात तडजोड नको. त्या धुराखाली झोपणारी मुलं आपलीच आहेत. आणि भट्टीसमोर उभा असलेला फायरमन मालकाच्या आधी तो धूर पितो.

मात्र 'नवीकरणीय' म्हणजे 'स्वच्छ' असंही समजू नका. शुद्ध बायोमासचा धूरही धूरच असतो. चुलीवर लाकूड जळतं तेव्हा सरकार बायकांना सांगतं, गॅस घ्या. २०१६ ची उज्ज्वला योजना त्यासाठीच आली. वीजकेंद्रात तेच लाकूड गेलं तर ते धोरणाचं यश. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण वीजकेंद्राच्या चिमणीला धूळ पकडणारी यंत्रं आहेत आणि चुलीला नाहीत. सायझिंगचा बॉयलर या दोघांच्या मधे आहे. त्याला चुलीसारखं सोडून देऊन चालणार नाही, आणि वीजकेंद्रासारखी साधनं त्याच्याकडे नाहीत.

सगळं जाळायलाच हवं असंही नाही. ओल्या कचऱ्याचा रस्ता वेगळा. आपल्या नाशिक महापालिकेने जर्मन सहकार्याने हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून बायोगॅस आणि त्यावर वीज करणारा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू केला. गोठे, मंड्या, कत्तलखाने जिथे आहेत तिथे असा कचरा रोजचा आहे. घरगुती बायोगॅससाठीही आकाराप्रमाणे ९,८०० रुपयांपासून अनुदान ठेवलेलं आहे. मोहल्ल्यातल्या तबेलेवाल्याला हे कोणी सांगितलंय का?

आपलं काम

मालेगावचं नाव प्रदूषणाच्या बातमीत येतं, ऊर्जेच्या धोरणात येत नाही. इचलकरंजी, भिवंडीचं तेच. बातमीत यायला नुसता धूर पुरतो, धोरणात यायला कागद लागतो. तो कागद तयार करण्याचं काम तुमच्या पिढीचं आहे. इथे कायदा शिकणारे आहेत, इंजिनिअर आहेत, पत्रकारिता करणारे आहेत. तुमच्यासाठी तीन कामं सांगते.

पहिलं काम मोजणीचं. प्रत्येक सायझिंगला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यात बॉयलरचं इंधन कोणतं आणि किती, हे लिहिलेलं असतं. ते सोडून दुसरं जाळणं म्हणजे अटींचा भंग. ही संमतीपत्रं मिळवा, माहिती अधिकार वापरा, आणि एक साधा तक्ता करा: कागदावर कोणतं इंधन, प्रत्यक्षात कोणतं, कोणत्या भावाने. हे काम मालकाला पकडून देण्यासाठी करू नका, त्याला बरोबर घेऊन करा. चांगलं इंधन त्याला का परवडत नाही, याचा आकडा हाती आल्याशिवाय कोणतीही मागणी टिकणार नाही.

दुसरं काम सुनावणीचं. वीजदर ठरवण्याआधी आयोगाने लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्यायच्या, असं विद्युत कायद्याचं कलम ६४ सांगतं. महाराष्ट्र आयोगासमोर हे मराठीत लिहून देता येतं. कलम ९४ प्रमाणे ग्राहकांच्या वतीने बोलायला आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. पुण्याची 'प्रयास' ही संस्था असं काम वर्षानुवर्षं करते आहे. मालेगावच्या यंत्रमागवाल्यांच्या वतीने आकडे घेऊन उभी राहणारी तरुण मंडळी मला तिथे पाहायची आहेत. छोट्या मागवाल्यांना एकत्र येऊन १०० किलोवॅटची रेषा गाठता यावी, ही मागणी तिथे आणि केंद्राकडेही मांडता येईल.

तिसरं काम वाफेचं. एकेका सायझिंगला चांगला बॉयलर आणि धूळ पकडणारं यंत्र परवडत नाही, पण दहा जणांना मिळून परवडू शकतं. सुरतजवळच्या औद्योगिक वसाहतींत एका सामायिक बॉयलरमधून पाइपने अनेक कारखान्यांना वाफ दिली जाते. मालेगावात दहा सायझिंगांचा एक सामायिक बॉयलर, त्यात तालुक्यातली पऱ्हाटी, एकच चिमणी, आणि तिच्यावर सतत मोजणारं यंत्र. हे तंत्राने अवघड नाही. अडचण आहे ती मदतीच्या नियमांत मेगावॅट लिहिलंय, वाफ लिहिलेली नाही याची. म्हणून मागणी एका ओळीची ठेवा: बायोमासच्या मदतीत उष्णतेलाही वीजेइतकंच मोजा, आणि छोट्यांच्या गटाला एक ग्राहक धरा. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम यादीत लघुउद्योग आहेत, आणि दुर्बल घटकांत अधिसूचित अल्पसंख्याक समाजही आहेत. बँकेत जाताना हे माहीत असू द्या. मेहेरबानी मागायची नाही, नियम दाखवायचा.

मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे. हक्क मान्य झाला. आता तो सायझिंगच्या गल्लीपर्यंत आणायचा आहे. मालेगावच्या मुला-मुलींनी जेवणानंतर माझ्यापाशी थांबा. कोणत्या गल्लीपासून मोजणी सुरू करायची, ते आजच ठरवू.